चौथी मागणी

"ए बाई, आत जा जरा. कप विसळून घे. माणसं वाढलीत."

तो माझ्याकडं बघून बोलला. मी मागं वळून पाहिलं, मागं कोणी आहे का म्हणून. मागं भिंत होती.

मुरबाडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, एका मुंबईकराचं फार्महाऊस आहे. त्याच्या पडवीत आम्ही सात जण बसलो होतो. सातही निवृत्त शिक्षक. सहा पुरुष आणि मी. ते सहा जण खुर्च्यांवर, मी पायरीवर. खुर्च्या सहाच होत्या आणि कोणी उठलं नाही. आत एक आमदार उतरले होते. आमच्या भागाचे नव्हेत, लांबच्या जिल्ह्यातले. शाळांचा प्रश्न बघायला विधिमंडळाची एक समिती आमच्याकडं यायची होती. हे त्या समितीत होते. समितीत यांचाच शब्द चालतो, अशी खबर आमच्या निवृत्त शिक्षक संघाच्या अध्यक्षांनी काढली होती. म्हणून समिती यायच्या आधीच त्यांना गाठायला आम्ही आलो होतो.

कप विसळायला सांगणारा त्यांचा पीए. चांगला पस्तीस-चाळिशीचा माणूस. त्याला माझ्यात काय दिसलं ते मला माहीत आहे. काळा रंग. कपाळावर गोंदण, हातावर गोंदण. पायरीवर बसलेली. एवढं त्याला पुरलं. माझ्या मांडीवर फाईल होती. ती त्याला दिसली नाही.

मी त्या सहा जणांकडं पाहिलं. त्यांतला एक नऊ वर्षं माझ्याबरोबर एकाच शाळेत होता. त्याचा मुलगा बाराखडी माझ्याकडं शिकला. तो स्वतःची नखं बघत होता. अध्यक्ष कागद चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "जा ना बाई. एवढ्यानं काय होतंय? आपलं काम होण्याशी मतलब."

मी उठले.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहायचंच आहे. मी उठले. मला कोणी ढकललं नाही, कोणी हाताला धरलं नाही. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेली बाई मी. मी फाईल पायरीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि आत गेले. पदर खोचायला तर कोणी सांगितलंही नव्हतं.

आत ओट्यापाशी जनी उभी होती.

जनी माझी विद्यार्थिनी. आधीच्या एका शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत माझ्या हाताखाली. पाढे म्हणायला उभी राहिली की खाली बसायची नाही, पंचवीसच्या पुढचेही म्हणू का विचारायची. आता ती त्या फार्महाऊसवर झाडू-भांडी करते. मला दारात पाहून तिचा हात थांबला.

"बाई? तुमी?"

"कप विसळायला सांगितलेत."

"तुमाला?"

मी नळ सोडला. तिनं माझ्या हातातला कप ओढून घेतला.

"नका ना बाई. मी हाय ना इथं. तुमी नका."

"असू दे गं."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या नाही. मी दुसरा कप घेतला. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून कप धूत होतो. शिक्षिका आणि विद्यार्थिनी. एकाच ओट्यावर. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीनं आम्हा दोघींना आणून सोडलं ते इथं.

मग ती हळूच म्हणाली, "बाई, तुमी शाळेचं बोलाया आल्या ना? नीट बोला. माझी दोन पोरां तिथंच हायेत."

आता ती शाळा कुठली ते सांगते.

किन्हवलीच्या पुढं, मुरबाडच्या हद्दीला लागून, डोंगराच्या पायथ्याशी भोकरवाडी नावाचा पाडा आहे. आम्ही ठाकूर, आदिवासी. माझा जन्म तिथला. मी सहा वर्षांची असताना पाड्यावर शाळा आली. शाळा म्हणजे कुडाची एक खोली आणि चालत येणारे एक मास्तर. ते घरोघर फिरले. बापानं मला दिलं. थोरली बहीण, सोमी, तेव्हा बारा वर्षांची होती. ती गुरांमागं गेलेली. मास्तर म्हणाले, ही आता मोठी झाली, पहिलीत कशी बसवू? संपलं. मी शिकले, मास्तरीण झाले. ती मोळ्या वाहत राहिली, भात लावत राहिली, आज सत्तरीतही अंगठा लावते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. उगाच म्हणत नाही. आहे. आमच्या दोघींत फरक एवढाच, की शाळा माझ्या वेळेला आली आणि तिच्या वेळेला नव्हती.

त्या शाळेत मी शिकले, शेवटची आठ वर्षं त्याच शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. आता तिथं चौदा मुलं आहेत. पट कमी, म्हणून शाळा बंद करायची आणि मुलं मोठ्या गावच्या शाळेत समायोजित करायची, असं घाटत होतं. समायोजित. कागदावर शब्द कसा गुळगुळीत दिसतो. मी त्या मुलांबरोबर त्या मोठ्या शाळेपर्यंत चालून बघितलं होतं. घड्याळ लावून. पहिलीची पोरगी बरोबर असताना एक तास दहा मिनिटं. मधे ओहोळ, त्यावर पूल नाही. पुढं मोठा रस्ता, त्यावर खडीचे डंपर. पावसाळ्यात ओहोळ भरला की चार महिन्यांत कितीदा शाळा बुडेल ते ज्याचं त्यानं ठरवावं. मुलगे कदाचित जातील. मुली नाही जाणार. पहिल्या वर्षी जातील, दुसऱ्या वर्षी धाकट्याला सांभाळायला घरी राहतील, तिसऱ्या वर्षी वीटभट्टीवर. हे मला कुठल्या अहवालातून कळलेलं नाही. मी तेहतीस वर्षं हजेरी घेतलीय.

अशा पाच-सहा पाड्यांवरच्या शाळा होत्या, काही शहापूरकडच्या, काही मुरबाडकडच्या. मी संघाच्या बैठकीत हा विषय काढला. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. "बाई, हाच आपला मुख्य मुद्दा. तुम्ही लिहून काढा." मी लिहून दिलं. स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. मागणी क्रमांक एक: पाड्यांवरच्या शाळा बंद करू नयेत. त्याखाली अंतर, ओहोळ, रस्ता, मुलींची नावं. त्यांनी टाईप करायला नेलं. मला वाटलं, आपल्याला विचारलं. आपलं लिहिणं उपयोगी पडलं. त्या दिवशी मी आनंदानं घरी गेले होते. किती स्वस्तात आनंद होतो आम्हाला.

तर, कप धुऊन झाले. जनीनं चहा ओतला. ट्रे तीच उचलणार होती. पीएनं दारातून आवाज दिला, "तिला पाठव, त्या बाहेरच्या बाईला. तू भजी बघ." म्हणून ट्रे मी नेला.

बाहेर आमदार येऊन बसले होते. सातवी खुर्ची आली होती, त्यांच्यासाठी. अध्यक्ष निवेदन वाचत होते. मी उभी, हातात ट्रे. पहिली मागणी: निवृत्त शिक्षकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी भवन बांधून मिळावं. दुसरी, त्या भवनात वाचनालय. तिसरी, दवाखान्यात निवृत्त शिक्षकांची वेगळी रांग. मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. चौथी मागणी आली तेव्हा अध्यक्षांचा आवाज खाली गेला. "चौथी, म्हणजे आपलं ते, कमी पटाच्या शाळांबाबत सहानुभूतीनं विचार व्हावा."

दोन पानांची एक ओळ झाली होती.

आमदारांनी ट्रेमधून कप उचलला. माझ्याकडं पाहिलं नाही. माझा अंगठा त्यांच्या कपाला लागून होता, एवढ्या जवळ मी होते. ते म्हणाले, "भवनाचं करू. जागा बघून ठेवा. पण हे चौथं कशाला घालता यात? दोन-चार घरांसाठी शाळा चालवायची म्हणजे काय? मतं तरी किती असतील तिथं?"

अध्यक्ष हसले. "सोडलं साहेब." खिशातून पेन काढलं आणि चौथ्या मागणीवर रेघ मारली. माझ्यासमोर. पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ. मुलांच्या वहीत चूक खोडतात तशी.

आणि मी काय केलं? मी पुढच्या माणसाला चहा दिला.

निघताना आमदारांनी विचारलं, "या कोण?" अध्यक्ष म्हणाले, "आमच्याच आहेत साहेब. शिक्षिका होत्या. आदिवासी आहेत." "अरे वा!" आमदार म्हणाले. "मग त्यांना मागं काय ठेवता? फोटोत पुढं घ्या." पीएनं मला दंडाला धरून मधोमध उभं केलं. माफी मागितली नाही. कशाबद्दल मागायची हेसुद्धा त्याला कळलं नसावं. मी फोटोत हसलेय. तासाभरात तो फोटो संघाच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'यशस्वी भेट'. त्याखाली बारा हात जोडलेले.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "सर, पहिली मागणी शाळांची होती ना?"

अध्यक्ष पुढं बसले होते. मागं न वळता म्हणाले, "बाई, जरा व्यवहार बघा. आपलं वय झालं. चार माणसांत बसायला आपल्याला जागा नको का? आणि खरं सांगू? तुमच्या लोकांना दारात शाळा द्या नाहीतर घरात द्या, पोर टिकतं का शाळेत?"

तुमच्या लोकांना.

माझ्याबरोबर नऊ वर्षं काढलेला तो माणूस माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "तुम्ही अपवाद आहात हो बाई." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

माझ्या आत काहीतरी तुटलं असं लोक लिहितात. माझं तुटलं नाही. उलट जागेवर बसलं. खटकन. पहिल्या नेमणुकीच्या गावात मला पाणी वरून ओतून द्यायचे, मी ओंजळ धरायची. डी.एड.ला असताना सरांनी मला उभं करून दहा वेळा "नाही, नाही" म्हणायला लावलं होतं, कारण माझ्या तोंडातून "नाय" गेलं. वर्ग हसला. मीही हसले. मुख्याध्यापक ध्वजवंदनाला चुन्याच्या रेघा मारायला मलाच पाठवायचे, "तुम्हाला सवय असते वाकायची." प्रत्येक वेळी मी म्हणत आले, हा एक माणूस वाईट. हा एक दिवस वाईट. शिकत राहू, शिकवत राहू, होईल. जीपमध्ये मला कळलं की हे सुटे दिवस नव्हते. एकच दिवस होता, तेहतीस वर्षांचा. आणि मी त्यात रोज कपच विसळले होते.

मी म्हणाले, "गाडी थांबवा."

"इथं? इथनं तुमचा फाटा अजून लांब आहे."

"थांबवा."

मी उतरले. अध्यक्ष काचेतून म्हणाले, "बाई, रागावू नका, रागानं कामं होत नाहीत." जीप गेली. मी चालत निघाले. घरी नाही गेले. भोकरवाडीला गेले, सोमीकडं.

सोमी अंगणात नाचणी पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. कप, ट्रे, रेघ, फोटो. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग तू काय बोलली?"

"काही नाही."

"कायच नाय?"

"नाय."

मग म्हणाली, "मंग शिकली कशाला गो?"

बस्स. एवढंच. पुन्हा सूप उचललं आणि पाखडायला लागली. आयुष्यात मला पुष्कळ बोलणी बसलीत. अध्यक्षांनी, साहेबांनी, तपासणीला येणाऱ्यांनी. कुणाचाच घाव असा बसला नाही. कारण ते खोटं बोलत होते. सोमी खरं बोलली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाड्यांवर जायला लागले. संघाचा कागद न घेता, अध्यक्षांना न सांगता. आयांना घेऊन बसले. लोक लगेच जवळ आले असं नाही. एका बाईनं तोंडावर सांगितलं, "बाई, तुमीच आमच्या पोरांना 'नाय' बोललं का हातावर मारायच्या. आता आमच्याकडून काय बोलवून घेताव?" खरं होतं. मला ज्यानं हिणवलं तेच मी पुढं वाटलं होतं. माझ्या सरांनी माझ्या तोंडातून जे खरवडून काढलं, ते मी दोन पिढ्यांच्या तोंडातून खरवडून काढलं. पट्टी घेऊन. जनीच्याही हातावर. मी त्या बाईसमोर हात जोडले. तिनं ते घेतलं की नाही, मला ठाऊक नाही. पण आमच्यात येऊन बसली.

प्रत्येक पाड्यावर आम्ही मुलांबरोबर चाललो. आयांनी वेळ बघितली, मी लिहून घेतली. कुठं ओहोळ, कुठं रस्ता, कुठल्या मुलीच्या घरी धाकटं आहे. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली. त्यांतल्या बऱ्याच सह्या मला ओळखू आल्या. अक्षर मीच वळवलेलं.

समिती आली तेव्हा तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम होता. आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. जीपमधलं काही झालंच नाही अशा आवाजात. "बाई, पाहुण्यांना पुष्पगुच्छ तुमच्या हस्ते. येताना तुमच्या पद्धतीचं लुगडं नेसून या, गळ्यात ते मणी-बिणी घाला. साहेबांना आवडेल."

मी म्हटलं, "येते."

मी शाळेत जाताना नेसायचे ती साडी नेसले. निळी काठाची. पर्समध्ये लाल पेन. माझ्याबरोबर अकरा आया होत्या, जनी होती, आणि सोमी. सोमीला येऊ नको म्हटलं होतं, पाय दुखतात तिचे. ती एसटीत सगळ्यांच्या आधी बसली होती.

सभागृहात आमच्या बायकांना मागं बसवलं. व्यासपीठावर चार आमदार, अधिकारी, अध्यक्ष. शाल-श्रीफळ झाले. 'गुरुजन म्हणजे समाजाचा आरसा' झालं. मग माझं नाव पुकारलं. मी वर गेले. पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि माइकसमोर उभी राहिले. अध्यक्ष पुटपुटले, "बाई, बोलायचं नाहीये." मी बोलले.

"मी भोकरवाडीच्या शाळेत शिकवत होते. पाड्यांवरच्या शाळा बंद करू नका, ही मागणी आम्ही लिहिली होती. ती फार्महाऊसवर चहा पिता पिता खोडली. मी बघितलं. खोडलेली मागणी मी परत आणलीय. दोन पानं आहेत, वाचून दाखवते."

सभागृहात कुजबुज झाली. फार्महाऊसवरचे ते आमदार पुढं वाकले. ओळख पटली नव्हती त्यांना.

"मॅडम, वेळ कमी आहे. आणि तुमच्या संघानं तर ही मागणी मागं घेतलीय."

माझ्या तोंडात सरळ, स्वच्छ, शाळेतलं वाक्य तयार होतं. आलं भलतंच. आईच्या तोंडचं.

"संघाची पोरां त्या शाळंत नायत, साहेब. ज्यांची हायेत त्या मागं बसल्यात. त्यांनी मागणी मागं घेतली नाय. त्यांना इचारा."

पुढच्या रांगेत कोणी तरी हसलं. माझ्या बोलण्याला. डी.एड.च्या वर्गात हसले होते तसंच. मी त्या माणसाकडं बघितलं, तो गप्प बसेपर्यंत. मग पुढचं वाचायला घेतलं.

पहिलं पान संपायच्या आत माइक बंद झाला. अध्यक्षांनी वायर काढायला सांगितली असं नंतर कळलं. आवाज गेला तेव्हा मागून जनी उभी राहिली. फार्महाऊसचा मालक आमदारांच्या शेजारच्या सोफ्यावर बसला होता, आणि तिला ते दिसत होतं. तरी उभी राहिली. "माझी दोन पोरां हायेत त्या शाळंत. ओहोळात पोर गेलं तं कोन देईल?" मग दुसरी उभी राहिली. तिसरी. सोमीही उठली, तेव्हा एक आमदार तिला म्हणाले, समजूत घातल्यासारखं, "आजी, तुम्ही बसा. तुम्ही कुठं शिकलात? तुम्हाला यातलं काय कळणार?"

सोमी म्हणाली, "मी नाय शिकली. म्हणून तं आली."

कोणी हसलं नाही.

चौघांत एक बाई आमदार होत्या. तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "तो कागद इकडं द्या." मी दिला. त्यांनी वेळेचा तक्ता वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट ठेवून. "हे कोणी मोजलं?" मी मागं बोट दाखवलं. "त्यांनी." त्या म्हणाल्या, "नोंद घेऊ."

नोंद घेऊ. हा सरकारी शब्द आहे. मी त्याला भुलत नाही.

काय झालं ते सांगते, काही न लपवता. दुसऱ्याच दिवशी जनीला फार्महाऊसवरून काढलं. संघाच्या ग्रुपमधून मला काढलं, त्याआधी कुणीतरी लिहिलं होतं, 'व्यासपीठाची शोभा घालवली'. नऊ वर्षं बरोबर असलेल्या त्या माणसानं घरी येऊन सांगितलं, "बाई, तुमचं म्हणणं बरोबर होतं, पण पद्धत चुकली." मी विचारलं, "मला कप विसळायला पाठवलं ती पद्धत बरोबर होती?" तो चहा न घेता गेला. भवनाचा नारळ फुटला. मला निमंत्रणपत्रिका आली, खाली मान्यवरांत माझंही नाव छापलेलं. मी लाल पेननं ते नाव खोडलं आणि पत्रिका परत पाठवली.

आणि शाळा? यंदा बंद झाली नाही. चालू ठेवतो असंही कोणी लिहून दिलं नाही. पत्र आलंय, 'सदर प्रकरण विचाराधीन आहे.' पाड्यावर मी ते वाचून दाखवलं तेव्हा जनीनं अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "विचार त्यांचा, आन् अधीन आमी?"

नाही. ते आता संपलं.

जनीचं काम गेलं याचा भार माझ्यावर आहे. ती म्हणते, "दुसरं बघीन." तिनं मला माफ केलं म्हणून मी मोकळी होत नाही. मला मोकळं व्हायचंही नाही. हा राग मला शांत करायचा नाही. म्हातारपणी राग बरा नव्हे, असं डॉक्टर सांगतात, जावई सांगतो. साठ वर्षं शांत राहून मला काय मिळालं ते मी बघितलं.

समितीत जेवढे आमदार आहेत त्यांची नावं आणि गावं आम्ही वहीत लिहिलीत. एकेकाच्या दारात जाणार आहोत. मी आणि प्रत्येक वेळी वेगळ्या पाड्याच्या तीन आया. आम्ही पत्रं पाठवणार नाही, पत्रं खोडता येतात. खुर्ची दिली तर बसू, नाही दिली तर उभ्यानं बोलू. पायरीवर बसणार नाही. फोटोत उभ्या राहणार नाही. शाल घेणार नाही. बोलू ते आमच्या बोलीत, ज्याला कळणार नाही त्यानं शिकून घ्यावी. बाकीच्या पाड्यांवरही आता आया स्वतः मोजायला लागल्यात. मला बोलावतसुद्धा नाहीत.

आणि एवढं करून शाळेला कुलूप लागलंच, तर तो हुकूम कोणत्या पुढाऱ्याच्या शब्दावर निघाला ते मी शोधून काढीन. ते नाव, हुद्द्यासकट, एकेका पाड्यावर उभी राहून मोठ्यानं वाचीन. त्याच्या पक्षाला मतं मागायला तिथंच यायचंय. तोवर आमच्या प्रत्येक पोराला ते नाव पाठ झालेलं असेल.